मीठ, पेज आणि प्रमाण

मिठबावला आमच्या घराच्या पडवीत दोन मे महिने आम्ही काही जण संस्कृत वाचत होतो. तांबळडेग, मुणगे, कातवण इथली कॉलेजात जाणारी मुले-मुली, सुट्टीला आलेले दोन-तीन चाकरमानी आणि माझ्याच वयाच्या एक निवृत्त शिक्षिका. पहिल्याच संध्याकाळी एका मुलाने विचारले, "गुरुजी, ह्या शिकान माका काय गावतला?" त्याच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी त्याला म्हटले, तुझ्या गावाच्या नावाचा अर्थ सांग. तो म्हणाला, मिठाची बाव. शेजारची मुलगी म्हणाली, गोड्या पाण्याची बाव. त्यावर अर्धा तास वाद झाला. हे पुस्तक त्या वादातून आले आहे.

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, तो असा. संस्कृतात 'मृष्ट' असा शब्द आहे. मूळ अर्थ पुसलेले, स्वच्छ केलेले. अन्नाच्या बाबतीत नीट सिद्ध केलेले, चविष्ट. प्राकृतात त्याचे 'मिट्ठ' झाले आणि मराठीत 'मीठ'. अष्टचे अट्ठ आणि आठ, मुष्टीची मुट्ठी आणि मूठ, तशीच ही वाट. पण चव कशाने येते, यावर आपल्या भाषांचे एकमत झाले नाही. हिंदीने चविष्ट म्हणजे गोड धरले, म्हणून 'मीठा'. मराठीने ज्यावाचून जेवण अळणी लागते त्यालाच हे नाव दिले. गुजरातीने दोन्ही ठेवले. तिथे 'मीठुं' हे नाम म्हणून मीठ आणि विशेषण म्हणून गोड. आणखी एक गंमत पाहा. 'मिष्टान्न' शब्दातले 'मिष्ट' अस्सल संस्कृत वाटते, पण अभ्यासक ते प्राकृत 'मिट्ठ'वरून पुन्हा संस्कृतात नेलेले रूप मानतात. लोकांच्या तोंडातला शब्द पंडितांनी उचलला आणि त्याला संस्कृताचा पोशाख चढवला.

आता 'बाव'. संस्कृत वापी, म्हणजे पायऱ्यांची विहीर. दोन स्वरांमधल्या 'प'चा आपल्याकडे 'व' होतो : दीप-दिवा, ताप-ताव, कपाट-कवाड. म्हणजे वापीचे 'वाव' व्हायला हवे, आणि गुजरातीत ते तसेच झाले आहे. पाटणची राणी की वाव सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी शब्दाच्या आरंभीचा 'व' सहसा सोडत नाही. हिंदी बीस, बाघ, बिजली म्हणते, आपण वीस, वाघ, वीज म्हणतो. तरीही आपल्याकडे 'बाव' आहे, वसईकडे 'बावखल' आहे, गोव्यात 'बांय' आहे. गावाचे नाव 'मिठबांव' असे बिंदू देऊनही लिहितात. तो बिंदूही विचार करायला लावतो. ग्रामचे गांव, नामाचे नांव होताना 'म'चा नाकातला आवाज मागे राहिला. पण वापीत 'म' कुठे आहे? नियम कळला की असा अपवाद डोळ्यांत भरतो. ज्याला नियम माहीत नाही त्याला अपवाद दिसतच नाही. भाषाविज्ञान इथून सुरू होते.

मग खारी की गोडी? मराठीत शब्दाच्या आजच्या अर्थाने पाहिले तर मीठ. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. आपल्याच देवगड तालुक्यात मिठमुंबरी आहे, आणि तारामुंबरीही आहे. दोन मुंबऱ्यांपैकी एकीला 'मिठ' का लागले, हे पाहिल्याशिवाय मिठबावचे कोडे सुटणार नाही. जुनी दप्तरे, विहिरींच्या जागा, खाडीचे पाणी कुठवर चढते, हे सारे बघावे लागेल. शब्दाचा निकाल पुराव्यावर लागतो. हे एक वाक्य मुलांच्या मनावर ठसले तरी दोन मे महिन्यांचे सार्थक झाले असे मी समजेन.

ही शिस्त आपल्या किनाऱ्याला परकी नाही. मिठबावहून आचऱ्यामार्गे मालवण गाठले की आपण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या जन्मगावी असतो. ६ जुलै १८३७ रोजी ते तिथे जन्मले. वडील मामलेदार कचेरीत कारकून. पुढे कुटुंब रत्नागिरीला गेले, तिथल्या सरकारी शाळेत शिक्षण झाले, आणि १८५३मध्ये हा मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक, १८६२मध्ये बी. ए., पुढच्या वर्षी एम. ए. सिंधमधल्या हैदराबादेत आणि नंतर रत्नागिरीत ते मुख्याध्यापक होते. शाळेतल्या मुलांना संस्कृत कसे शिकवावे या रोजच्या गरजेतून त्यांनी 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका' ही दोन पुस्तके लिहिली. शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातली मुले त्यांवर संस्कृत शिकली. मीही त्यांतलाच एक.

पण त्यांचे मोठेपण पाठ्यपुस्तकांपुरते नाही. १८७७मध्ये मुंबईत त्यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृतापासून पाली, प्राकृते, अपभ्रंश आणि तिथून मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली असा सगळा प्रवास त्यांनी ध्वनी आणि रूपे यांच्या आधारे मांडला. बोली म्हणजे बिघडलेले संस्कृत नव्हे, तिच्या बदलाला नियम आहेत, हे एका मालवणच्या माणसाने त्या काळात ठासून सांगितले. आज आपल्या मुलांना मुंबईत मालवणीत बोलायची लाज वाटते तेव्हा मला ही व्याख्याने आठवतात.

त्यांच्या पद्धतीचा एक नमुना मी पुस्तकात सविस्तर दिला आहे, कारण तो मला आजही थक्क करतो. 'व्याकरणमहाभाष्य' लिहिणारे पतंजली कधी होऊन गेले? ग्रंथात सन नाही, राजाची प्रशस्ती नाही. आहे ते फक्त व्याकरण. पण त्यात भूतकाळाचा एक नियम आहे : जी घटना बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेली नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे आणि त्याला पाहता आली असती इतकी ताजी आहे, तिच्यासाठी अमुक क्रियारूप वापरावे. याला पतंजली उदाहरण देतात ते यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, साकेताला, म्हणजे अयोध्येला, वेढा घातल्याचे. म्हणजे वेढा त्यांच्या हयातीतला. हे गोल्डस्ट्यूकरांनी १८६१मध्ये दाखवले होते. भांडारकरांनी १८७२मध्ये त्याच ग्रंथातले दुसरे उदाहरण पुढे आणले. चालू असलेल्या, अजून न संपलेल्या क्रियेसाठी पतंजलींनी शुंग राजा पुष्यमित्र याच्या यज्ञाचे वाक्य दिले आहे. यज्ञ चालू आहे, तर पुष्यमित्र राज्यावर आहे. दोन साध्या व्याकरणाच्या उदाहरणांवरून पतंजली इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात आले. बर्लिनचे वेबर यांच्याशी भांडारकरांचा या प्रश्नावर वाद झाला, आणि त्यांनी तो शब्दाला शब्द देऊन लढवला.

मुलांना हे समजावताना मी म्हटले, समजा आज कुणी मालवणीचे व्याकरण लिहिले आणि उदाहरण दिले की तौक्ते वादळात आमचे माड मोडले. दोन हजार वर्षांनी कुणाच्या हाती ते पान लागले, तर १६ मे २०२१च्या आसपास आपल्या किनाऱ्याजवळून गेलेल्या त्या वादळावरून तो व्याकरण लिहिणाऱ्याचा काळ सांगेल. त्या संध्याकाळी कुणीही घरी जायची घाई केली नाही.

याच पतंजलींनी सांगितलेली एक गोष्ट मी पुस्तकाच्या पहिल्या भागाचा पाया केली आहे. मडके हवे असेल तर माणूस कुंभाराकडे जातो. शब्द हवा म्हणून कुणी वैयाकरणाकडे जात नाही. शब्द लोकांकडेच असतात, व्याकरणकार त्यांची व्यवस्था लावतो. त्यांनी 'गौः' या शब्दाची लोकांत चालणारी 'अशुद्ध' रूपे नोंदवली आहेत, त्यांत 'गावी' आहे. आपल्या गोठ्यातली 'गाय' त्या अशुद्ध 'गावी'ची लेक आहे, शुद्ध 'गौः'ची नाही. महाभाष्य मराठीतून वाचायचे असेल तर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ते पूर्ण मराठीत आणले आहे, आणि त्यांचे चिरंजीव काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी त्याला प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड लिहिला आहे. इतके मोठे काम आपल्या भाषेत असताना आपण ते हाताळत नाही, याचे मला वाईट वाटते.

पहिल्या भागात म्हणूनच मी श्लोक थोडे घेतले आणि घरातले शब्द जास्त. सकाळची पेज घ्या. संस्कृत 'पेया', प्राकृत 'पेज्जा', मग 'पेज'. अद्यचे आज आणि शय्येची शेज झाली तशीच. पेजेतले शीत म्हणजे 'सिक्थ'. आपल्या मालवणीतली 'न्हय' ही 'नदी'च आहे, मधला 'द' गळून गेलेली. ताटातले सगळेच मात्र संस्कृतातून आलेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. तूप हा शब्द द्राविड भाषांकडून आला. कन्नडात तो 'तुप्प' आहे. ज्या नारळावाचून आपली पूजा होत नाही त्याचे संस्कृत नाव 'नारिकेल' हेही दक्षिणेकडून संस्कृतात गेले असे अभ्यासक मानतात. काजू तर पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून झाड आणि नाव दोन्ही घेऊन आला. एका जेवणात तीन खंडांचा इतिहास बसलेला असतो. संस्कृत सर्व भाषांची जननी, हे वाक्य मोबाइलवर रोज फिरते. त्याने संस्कृताचा मान वाढत नाही, अभ्यास मात्र थांबतो. तेच संगणकाच्या बाबतीत. १९८५मध्ये रिक ब्रिग्ज यांनी 'एआय मॅगझिन'मध्ये संस्कृत व्याकरणपरंपरेतील वाक्यविश्लेषण आणि यंत्रासाठी ज्ञानाची मांडणी यांची तुलना करणारा लेख लिहिला. तो वाचण्याजोगा आहे. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, असे जे त्यापुढे जोडले जाते ते त्या लेखात नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांची खरी किमया समजून घ्यायला अशा आधारांची गरजच नाही. दहा सूत्रे नीट लावून पाहा.

दुसरा भाग पोथ्यांचा. तो लहान आहे, कारण पोथी हाताळल्याशिवाय पोथीविषयी फार बोलू नये. भांडारकरांच्या नावाची संस्था पुण्यात ६ जुलै १९१७ला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी सुरू झाली. डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रह पुढच्या वर्षी तिथे आला. तिथेच महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली : १९१९ला आरंभ, विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५पासून घालून दिलेली कडक पद्धत, १२५९ हस्तलिखितांची पडताळणी, आणि १९६६मध्ये समाप्ती. एक पिढी सुरू करते आणि दुसरी संपवते. डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोश तर १९४८पासून चालू आहे. सुमंत मंगेश कत्र्यांनी तो आरंभला, सुमारे १५०० ग्रंथांतून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या गोळा झाल्या, पहिला खंड १९७६मध्ये सुरू झाला. काम इतके सूक्ष्म की वर्णमालेच्या पहिल्या अक्षरावरच दशके गेली. लोक विचारतात, इतका वेळ कशाला? प्रत्येक शब्द प्रथम कुठे आला, मग त्याचा अर्थ कुठे वळला, हे चिठ्ठी-चिठ्ठीने दाखवायचे तर इतका वेळ लागतो.

कोशाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यातले आणखी एक नाव घ्यायलाच हवे. वामन शिवराम आपटे १८५८मध्ये सावंतवाडी संस्थानातल्या असोलोपाल गावी जन्मले. फर्ग्युसन कॉलेजचे ते पहिले प्राचार्य. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९०मध्ये निघाला आणि १८९२मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते गेले. जगभरचे विद्यार्थी आजही हा कोश उघडतात. चिपळूणकडचे पांडुरंग वामन काणे यांना आयुष्य लांब मिळाले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी १९३० ते १९६२ या काळात पुरे केले आणि १९६३मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

ही नावे अभिमानाने सांगताना एक गोष्ट मला लपवायची नाही. ही सगळी नावे पुरुषांची आणि ब्राह्मणांची आहेत. मिठबावसारख्या गावात किती बुद्धिमान मुले-मुली या विद्येच्या दारापर्यंतही पोचू दिली गेली नाहीत, याची गणती कुठल्याच कोशात नाही. कोकणातच मूळ असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत आत्मसात केले आणि त्या ग्रंथांची चिकित्सा केली. एका विद्येने आपल्या सर्वांत तीक्ष्ण वाचकाला उंबऱ्यावर अडवले, हा त्या विद्येचाच तोटा होता. विद्यापीठीय अभ्यासाचे मोल मला यामुळे अधिक वाटते : तिथे कुणाचे कूळ विचारत नाहीत, पुरावा विचारतात, निदान तसे व्हायला हवे. आमच्या पडवीत कोळीवाड्यातली एक मुलगी सर्वांत आधी संधी सोडवायला शिकली.

तिसरा भाग दर्शनांचा. इथे मी वेदांतापासून सुरुवात केली नाही, याबद्दल काही जाणकार नाराज होतील. आपल्या भागात वेदांत नवखा नाही. बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबियांनी अठराव्या शतकात 'सिद्धांतसंहिता', 'अक्षयबोध' यांसारखे ग्रंथ मराठीत लिहिले. गोव्यातल्या कवळे मठाची परंपरा शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद यांचे नाव सांगते. पण ब्रह्माविषयी बोलण्याआधी, एखादी गोष्ट आपल्याला कळली असे म्हणायला काय लागते, हे समजले पाहिजे. ते न्यायशास्त्र शिकवते, म्हणून आरंभ न्यायापासून.

न्यायातले सर्वांत प्रसिद्ध अनुमान डोंगरावरच्या धुराचे. ते आपल्याकडे दर वर्षी घडते. फाल्गुन-चैत्रात तरवा भाजायला लागतात तेव्हा समोरच्या सड्यावर धूर दिसतो. सड्यावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी आपल्या चुलीत, हे उदाहरण. तसाच धूर इथे आहे, हा उपनय. म्हणून सड्यावर आग आहे, हे निगमन. सोपे वाटते. आता पौषातली सकाळ घ्या. आंब्याला मोहोर आलेला आणि सड्यावर पांढरे काही पसरलेले. धूर की धुके? नैयायिक म्हणतात, हेतूच पक्का नसेल तर पुढचे सगळे कोसळते; याला ते असिद्ध हेतू म्हणतात. आणि धूर-धुक्याचा हा घोटाळा जुन्या तर्कग्रंथांतही चर्चिला गेला आहे. बागायतदाराला हा भेद शिकवावा लागत नाही, कारण धुके पडले तर मोहोर जातो. त्याचे जगणे त्या भेदावर आहे.

दुसरे उदाहरण उपमानाचे, म्हणजे साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाचे. 'गवय' कधी न पाहिलेल्या माणसाला वनातला कुणी सांगतो, गाईसारखा दिसतो तो गवय. मग तो रानात गेला, तसा प्राणी पाहिला आणि त्याला कळले, हाच गवय. ग्रंथांत हे उदाहरण शेकडो वर्षे चालत आले, आणि शहरात शिकवताना मीही ते चित्र दाखवून शिकवत असे. आपल्या जिल्ह्यात चित्राची गरज नाही. 'गवय' म्हणजे आपला गवा. आंबोली, दोडामार्गकडे तो शेतात उतरतो आणि शेतकऱ्याची रात्र जागण्यात जाते. संस्कृतातला शब्द, दर्शनातले उदाहरण आणि शेतातले नुकसान या तिन्ही ठिकाणी एकच जनावर उभे आहे. हे दिसले की दर्शन पोथीत राहत नाही.

प्रत्यक्ष, अनुमान, उपमान अशी ज्ञान मिळवण्याची साधने म्हणजे प्रमाणे. ती किती, यावर दर्शनांत मोठा वाद आहे. चार्वाक एक प्रत्यक्षच मानतो, वैशेषिक दोन, सांख्य तीन, न्याय चार, भाट्ट मीमांसक सहा. परीक्षेसाठी हे पाठ करायला सोपे आहे. मला मुलांना दाखवायचे होते ते निराळेच : एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडायचे, मग खोडायचे, अशी सवय लावून घेतली होती. पूर्वपक्ष न मांडता उत्तरपक्ष सांगणे त्यांना मान्य नव्हते. आज गावच्या देवळाच्या बैठकीतही ही सवय असती तर किती भांडणे वाचली असती.

हे पुस्तक पंडितांसाठी नाही. त्यात चुका राहिल्या असतील, त्या दाखवाव्यात. तज्ज्ञांनी ज्यावर आयुष्ये घातली त्याची ही उंबऱ्यावरची ओळख आहे. आत शिरणाऱ्याने भांडारकरांची मार्गोपदेशिका घ्यावी, आपट्यांचा कोश जवळ ठेवावा. मालवणीकडे वळावेसे वाटले तर अमृत माधव घाटग्यांचे कुडाळीवरचे १९६५चे पुस्तक शोधावे; मराठी बोलींच्या पाहणीत त्यांनी आपल्या दाराशी येऊन काम केले आहे. झ्यूल ब्लॉक यांनी १९२०मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेला मराठी भाषेच्या घडणीचा इतिहासही वासुदेव गोपाळ परांजप्यांनी मराठीत आणला आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाला मी अजून सरळ उत्तर दिलेले नाही, पण त्याने दुसऱ्या मे महिन्यात एक चपलांचा रिकामा खोका आणला आणि त्यात चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो कुणाच्या तोंडून ऐकला, कुठल्या वाडीत, कुठल्या वाक्यात, आणि तारीख. वाचकांना माझी विनंती आहे : घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्याकडून विहिरींची, शेतांच्या कोपऱ्यांची, खडकांची, माशांची नावे विचारून घ्या आणि जशी ऐकू येतील तशीच लिहा, सुधारून लिहू नका. मिठबाव, मिठमुंबरी, तारामुंबरी, कातवण, मुणगे इथल्या ज्या घरांत जुने कागद असतील त्यांनी ते जाळू किंवा रद्दीत देऊ नयेत. खोक्यातल्या पहिल्या चिठ्ठीवर 'बाव' लिहिलेले आहे.